शेपटीतले चार रिव्हेट

जोलीन पेट्रीचं पत्र ऑक्टोबरात आलं, आणि एप्रिल लागला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. राहून गेलं, असं म्हणता आलं असतं, पण राहून काहीच गेलं नव्हतं. पत्र रोज समोर होतं. आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मग फ्रिजवर, मग खणात नॅपकिनांच्या खाली. तिथूनही ते मला दिसायचंच, म्हणून परत टेबलावर.

एक पानी पत्र होतं. बाई नेब्रास्कातली, गुरांची डॉक्टर. माझा शेजारी ड्युएन क्रूगर याने आपल्या गॅरेजमध्ये बांधलेलं दोन माणसांचं विमान तिने दोन वर्षांपूर्वी विकत घेतलं होतं. तिने लिहिलं होतं, "मिस्टर टोरगर्सन, विमानाबरोबर क्रूगर यांची बांधकामाची वही मला मिळाली. तिच्यात अर्ध्याहून जास्त पानांवर 'लेलंडने ठोकळा धरला' असं आहे. क्रूगर आता राहिले नाहीत, म्हणून तुम्हाला विचारते. वहीत उतरलं नाही पण मला माहीत असायला हवं, असं काही आहे का? मे महिन्यात वार्षिक तपासणी आहे. ती झाली की माझ्या वडिलांना त्यातून फिरवून आणायचं म्हणते आहे. ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि अजून कुठल्याच विमानात बसलेले नाहीत."

खाली फोन नंबर होता. मला फोनवर दंतवैद्याची वेळ घ्यायची तरी आदल्या दिवसापासून तयारी करावी लागते.

वहीत न उतरलेलं असं काही होतं. चार गोष्टी होत्या, प्रत्येक मसुराच्या दाण्याएवढी.

ड्युएन कागदगिरणीतून निवृत्त झाला त्या वर्षी त्याच्या अंगणात तीन लांबलचक लाकडी पेट्या उतरल्या. आत पत्रे, फासळ्या, नळ्या, नकाशे आणि पिशव्याच्या पिशव्या भरून रिव्हेट. आमच्या भागात हे काही नवल नाही. हिवाळे लांब, गॅरेजं मोठी. कोणी नाव बांधतं, कोणी विमान. त्याने गाड्या बाहेर बर्फात काढल्या आणि गॅरेजमध्ये गॅसची शेगडी लावली.

पत्रा फासळीला जोडायचा तर रिव्हेट, म्हणजे डोकं असलेली छोटी धातूची खीळ, ठोकावा लागतो, आणि ते एकट्याचं काम नाही. बाहेरून एक जण हवेच्या दाबावर चालणारी हातोडी रिव्हेटच्या डोक्यावर धरतो. आतून दुसरा मुठीएवढा पोलादी ठोकळा त्याच्या शेपटाला टेकवून धरतो. तडतड आवाज होतो, आणि आतलं शेपूट ठोकळ्यावर चेपून बटणासारखं पसरतं. ठोकळा सरळ धरला तर. जरा कलला तर शेपूट वाकड्या खिळ्यासारखं आडवं पडतं, आणि तो रिव्हेट ड्रिलने काढून दुसरा घालावा लागतो.

विमान बांधणाऱ्याच्या घरात ठोकळा बायकोने धरायचा, असा रिवाजच आहे. पहिले दोन हिवाळे त्याच्या बायकोने, आर्लीसने धरला. मग तिचं मनगट गेलं. एका शनिवारी ड्युएन माझ्या दाराशी येऊन म्हणाला, "लेलंड, तुझे हात दाखव."

मी दाखवले.

"चौतीस वर्षं लायब्ररीत पुस्तकांवर चिठ्ठ्या चिकटवून हात बघ कसे ठेवलेत, पियानो वाजवणाऱ्या बाईसारखे. माझा हात विमानाच्या शेपटीत जात नाही. तुझा जाईल. चल."

मी गेलो. पुढचे तीन हिवाळे गेलो. दर शनिवारी, पुढे मंगळवारीही.

दोघांच्याही कानांवर जाड टोप्या असायच्या, त्यामुळे बोलणं व्हायचं नाही. त्यासाठी या लोकांची एक पद्धत आहे. आतल्याने पत्र्यावर ठोकळ्याने वाजवायचं. एकदा वाजवलं म्हणजे छान, पुढे चल. दोनदा म्हणजे अजून थोडं ठोक. तीनदा म्हणजे वाया गेला, काढ. इतकं सोयीचं बोलणं माझ्या वाट्याला आयुष्यात आलं नव्हतं. मी जुन्या रजईवर पालथा पडून शेपटीच्या पोकळीत हात घालायचो आणि एक-दोन-तीनमध्ये सगळं सांगायचो. ड्युएन निमूट ऐकायचा. बाहेर माझं असं कोणी ऐकलं नव्हतं.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात, नऊ फेब्रुवारीला, सकाळपासून काम बिनसलं होतं. मी नऊ वेळा तीनदा वाजवलं. नऊ रिव्हेट काढताना दोन भोकं मोठी झाली, पत्र्यावर एक ओरखडा गेला. ड्युएनने टोपी काढून भिरकावली आणि वाकून माझ्याशी बोलला.

"आता अजून एकदा तीन वाजव, लेलंड, की हे सगळं धूड भंगारात देतो. बिअरचे डबे होऊ देत त्याचे."

दुपारी शेपटीखालच्या आडव्या चौकटीची रांग घेतली. तिथे दिसत काहीच नाही. भोकातून हात घालायचा आणि बोटांनी बघायचं. शेवटचे चार राहिले तेव्हा माझी बोटं गारठून लाकूड झाली होती. ठोकळा घसरला. मी बोट फिरवलं. शेपूट आडवं पडलेलं, वाकड्या खिळ्यासारखं.

मी एकदा वाजवलं.

पुढचाही तसाच गेला, कारण ठोकळा सरळ धरणं आता बोटांना जमत नव्हतं. मी एकदा वाजवलं. मग उरलेले दोन. चारही वेळा एकदा.

त्यानंतर मी किती तरी रात्री स्वतःला सांगितलं, की मित्राचं मन मोडू नये म्हणून तसं केलं. ते खरं नाही. ड्युएनने विमान भंगारात दिलं असतं तर माझे शनिवार गेले असते, किंवा त्याने माझ्या जागी दुसरा कोणी आणला असता. मला एवढंच सुचलं होतं.

विमान दीड वर्षांनी उडालं. विमानाच्या अंगावर बांधणाऱ्याच्या नावाची एक छोटी धातूची पट्टी लावतात. ड्युएनला तिच्यावर माझंही नाव हवं होतं. मी नको म्हणालो. त्याला तो माझा विनय वाटला आणि त्याने चारचौघांत माझं कौतुक केलं. तो नऊ वर्षं उडत होता. दर वेळी तो इंजिन सुरू करायचा आणि मी लायब्ररीत असलो तरी खिडकीशी जायचो. आवाज परत येईपर्यंत मी एकही ओळ वाचू शकायचो नाही. त्याने बोलावलं की मी म्हणायचो, मला चक्कर येते. शेवटी त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदूहून वाईट काहीतरी निघालं आणि त्याने विमान विकलं. ते इथून निघालं त्या दिवशी मी सुटलो असं मला वाटलं. नेब्रास्कातला आवाज माझ्या खिडकीला ऐकू येणार नव्हता. गेल्या उन्हाळ्यात ड्युएन गेला. ऑक्टोबरात पत्र आलं.

मी सहा महिन्यांत कितीतरी पानं लिहिली. काही पानं नुसती हवामानाची होती. एकात मी नेब्रास्काच्या पक्ष्यांबद्दल विचारलं होतं. लिहायला बसलो की उठायचो, पेन्सिलींना टोकं करायचो, त्या आधीच टोकदार असायच्या. पत्रपेटीपर्यंत चालत जायचो आणि तसाच परत यायचो. एकदा वाटलं, अकरा वर्षांत काही झालं नाही म्हणजे काही होणारही नाही. मग वाटलं, अकरा वर्षं झाली म्हणजे आता होईल. या दोन वाक्यांच्या मध्ये मी सगळा हिवाळा येरझाऱ्या घातल्या.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी धावपट्टीवर विमानं ठेवायच्या हँगरमध्ये न्याहारीला गेलो. तिथे महिन्यातून एकदा पॅनकेक असतात आणि ज्यांना विमान उडवता येत नाही तेही येतात. गॉर्डी स्टेन्सलंड कडेच्या टेबलावर होता. त्याने आयुष्यभर विमानं दुरुस्त केली आहेत. मी त्याच्यासमोर बसलो.

"अरे, लायब्ररी आज बंद का?" गॉर्डी म्हणाला. "पॅनकेकवर शांतता राखा अशी पाटी लावू का तुझ्यासाठी?"

"एक विचारायचं होतं," मी म्हणालो. "सहज. वाचताना आलं म्हणून."

"विचार."

"समजा एका विमानात चार रिव्हेट वाकडे गेले. आडवे पडले. तर काय होतं?"

"घरी बांधलेल्या विमानात?" तो हसला. "चौदा हजारांत चार? त्याला पदक दे. माझ्या स्वतःच्या पंखात दहा तरी असतील. काही होत नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी पॅनकेकवर नको एवढं सिरप ओतलं. तिथेच उठायला हवं होतं. पण माझ्या तोंडातून निघालं, "सलग चार असले तर?"

"सलग?" त्याने चावायचं थांबवलं. "कुठे?"

"शेपटीत. खालच्या चौकटीला."

गॉर्डीने काटा खाली ठेवला. "तिथे सगळी शेपटी ओढ घेते, लेलंड. उद्या पडणार नाही ते. पण बाजूचे रिव्हेट जास्त ओझं घेतात, मग भोकं ढिली होतात, मग पत्र्याला भेग जाते. बाहेरून काही दिसत नाही. एखाद्या दिवशी जोराचं वारं असतं, आणि मग दिसतं." तो माझ्याकडे बघत राहिला. "किती तास उडालंय?"

"कोण?"

"तुझ्या पुस्तकातलं विमान."

"सहाशे," मी म्हणालो. "सहाशेच्या पुढे."

"मग पुस्तक लिहिणाऱ्याला सांग, घाई कर." त्याने काटा परत उचलला, पण खाल्लं नाही.

मी घरी न जाता आर्लीसकडे गेलो. माझ्या डोक्यात असं होतं, की हे लिहायचं तर ड्युएनच्या हातच्या कामाला डाग लागतो, तेव्हा आधी त्याच्या बायकोला विचारायला हवं. आता वाटतं, कोणीतरी नको म्हणावं म्हणून मी गेलो होतो.

तिने रूबार्बच्या आंबटगोड वड्या केल्या होत्या. "आलास? बस. उभा काय राहिलायस मीटर बघायला आल्यासारखा."

मी बसलो. तिने वडी पुढे केली. "आर्लीस, ड्युएनच्या वहीची झेरॉक्स आहे ना तुझ्याकडे?"

"आहे की. तूच काढून दिलीस, लायब्ररीच्या मशीनवर. कशाला हवी?"

"एक तारीख बघायची होती."

तिने फाईल आणून दिली. मी नऊ फेब्रुवारी काढलं. ड्युएनचं मोठं, उजवीकडे कललेलं अक्षर. "शेपटीखालची चौकट, डावीकडून उजवीकडे, अडतीस रिव्हेट. सकाळी वैतागलो. दुपारी लेलंडने एकदाही तीन वाजवले नाहीत. असा माणूस शेजारी असायला नशीब लागतं."

मी ते तीनदा वाचलं. आर्लीस माझ्याकडे बघत होती.

"काय झालं?"

मी सांगितलं. रजई, गारठलेली बोटं, चार रिव्हेट, गॉर्डी, पत्र. मी एका दमात इतकं कधी बोललो नव्हतो आणि बोलताना मी फाईलकडेच बघत होतो. मध्ये कधीतरी तिने उठून रेडिओ बंद केला.

तिने माझ्यासमोरची फाईल मिटली. मग म्हणाली, "मी दोनदा मायनॉटला गेले त्यातून. बहिणीकडे."

"माहीत आहे."

"दुसऱ्या वेळी वारं असं होतं की मला वाटलं आतडी तोंडात येतात. मी ड्युएनचा दंड धरून बसले होते. तो म्हणाला, घाबरू नकोस, लेलंडने धरलेलं आहे, हलणार नाही."

मी फाईलचा कोपरा सरळ केला.

"निघताना तू धावपट्टीच्या कडेला होतास," ती म्हणाली. "हात हलवत होतास."

"हो."

"हात हलवत होतास, लेलंड."

मी म्हणालो, "तो म्हणाला होता, अजून एकदा तीन वाजवलंस तर भंगारात देईन."

"अरे, तो दर शनिवारी म्हणायचा ते. तुझ्याआधी दोन वर्षं मला म्हणायचा. कधी भंगारात देतो, कधी जाळून टाकतो, कधी कोंबड्यांचं खुराडं करतो. मी तरी तीनदाच वाजवायचे. तो शिव्या घालायचा, एक कॉफी प्यायचा आणि परत ड्रिल हातात घ्यायचा. दहा मिनिटं लागायची सगळ्याला."

दहा मिनिटं.

"त्या पोरीला कळवलंस?"

"अजून नाही. म्हटलं आधी तुला विचारावं. ड्युएनचं नाव..."

"ड्युएनला मध्ये आणू नकोस. पत्र कधीचं आहे?"

"ऑक्टोबरचं."

तिने माझ्यासमोरची बशी उचलली आणि ओट्यावर ठेवली. अर्धी वडी तिच्यात तशीच होती. "नंबर दे."

पत्र माझ्या खिशातच होतं. तिने चष्मा लावून नंबर फिरवला आणि फोन माझ्यापुढे धरला. पलीकडे घंटा वाजत होती. मी मानेनेच नाही म्हटलं. ती एक क्षण माझ्याकडे बघत राहिली आणि मग फोन स्वतःच्या कानाला लावला.

"जोलीन पेट्री? मी आर्लीस क्रूगर, विस्कॉन्सिनहून. हो, त्याची बायको. ऐक बाळ, ते विमान बाहेर काढू नकोस. शेपटीत काम बिघडलेलं आहे. नाही, मला नीट सांगता येणार नाही, ज्याला सांगता येतं तो इथे बसलाय, पण त्याचं तोंड उघडत नाही. तो लिहील. हो, आजच. मी बघते ना." ती ऐकत राहिली. "बरं. बरं. वडील कसे आहेत?"

फोन ठेवून ती म्हणाली, "परवा ती एकटीच उडवणार होती. हवा चांगली आहे म्हणून. आता नाही उडवत. ती म्हणते, शेपटी उघडून कॅमेरा घालायचा तर जागा नेमकी कळायला हवी, अगदी कितवा रिव्हेट ते. लिही."

"घरी जाऊन लिहितो."

"इथे लिही."

मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसलो. ती समोर मटार सोलत होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती. पहिलं पत्र चार पानांचं झालं. तिने हात पुढे केला, मी दिलं. तिने हात एप्रनला पुसले आणि वाचलं.

"यात क्षमा हा शब्द सहा वेळा आलाय आणि रिव्हेटची जागा एकदा. तीही तिसऱ्या पानावर. त्या पोरीने काय करायचं तुझ्या क्षमेचं? टॉर्च घेऊन शोधायची?"

दुसऱ्यात मी तो सकाळचा वैताग सविस्तर लिहिला होता, ड्युएन काय म्हणाला, शेगडी कशी विझत होती. तिने तो परिच्छेद वाचला आणि नुसती पेन्सिल फिरवून काढला. मी म्हणालो, ते खरं आहे. ती म्हणाली, "खरं असेल. पण शेपटीत नाही ते."

तिसरं एका पानाचं झालं. नकाशा आठवून मी चौकटीचं चित्र काढलं, अडतीस टिंबं दिली आणि डावीकडून पस्तीस ते अडतीस यांवर गोल केले. खाली लिहिलं:

"मिस पेट्री, या चार रिव्हेटांची आतली शेपटं आडवी पडली आहेत. ठोकळा मी धरला होता. ते बिघडल्याचं मला त्याच वेळी बोटांना कळलं होतं आणि मी ड्युएन क्रूगर यांना ते चांगले असल्याचं सांगितलं. त्यांना कधीच माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं असतं तर आजवर खोटंच सांगितलं असतं. शेजारचे रिव्हेट ढिले झालेत का आणि पत्र्याला भेग आहे का, हे जाणत्या माणसाकडून बघून घ्या. बाकी तेरा हजार काहीशे रिव्हेटांपैकी मी धरलेले सगळे चांगले आहेत असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका. सगळे बघा. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला मी सहा महिने लावले. लेलंड टोरगर्सन."

आर्लीसने ते दोनदा वाचलं. शेवटच्या वाक्यावर तिची पेन्सिल थांबली, पण तिने ते राहू दिलं.

"शनिवारी पोस्ट बाराला बंद होतं," ती म्हणाली. "गाडी काढते."

पोस्टाचा रस्ता धावपट्टीच्या कडेने जातो. धावपट्टीवरून एक छोटं विमान उठलं आणि आमच्या डोक्यावरून गेलं. मी सवयीने खिडकीतून मान बाहेर काढली. ते ड्युएनचं नव्हतं, कोणाचंही असेल, पण आवाज विरेपर्यंत मी ऐकत राहिलो आणि पाकीट हातात ओलसर झालं. मला वाटलं, एकदा पाकीट उघडून टिंबं परत मोजावीत. अडतीसच काढली ना? मी पाकीट उजेडाकडे धरलं.

"बंद केलंयस ते," आर्लीस म्हणाली. "मी मोजलीत. अडतीस आहेत."

तिने गाडी पोस्टाच्या दारात लावली आणि इंजिन चालू ठेवलं. आत खिडकीवरच्या बाईने पाकीट वजन करून तिकीट लावलं आणि विचारलं, घाईने पाठवायचं का. मी हो म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. तिने ते पाठीमागच्या निळ्या पेटीत टाकलं. मी अजून उभा होतो, तेव्हा ती म्हणाली, "अजून काही?"

"नाही," मी म्हणालो. "एवढंच होतं."

बाहेर आर्लीसने काच खाली केली होती. "टाकलंस?"

"टाकलं."

तिने मान डोलावली, पण एरवीसारखं माझ्या बाजूचं दार आतून उघडून दिलं नाही, मीच उघडून बसलो.